अकरावा दिवस, फ्रीजवरची बाटली आणि थर्टी फर्स्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. तारकर्लीजवळ चार खोल्यांचा होमस्टे, वय ३६, बारा-तेरा वर्षं रोजची दारू, शेवटी शेवटी दिवसाला तीन क्वार्टर. बंद करून अकरा दिवस झाले. हातांची थरथर गेली पण संध्याकाळ खायला उठते, झोप लागत नाही, लागली तर दारू प्यायल्याचीच स्वप्नं पडतात. पाहुणे रोज बसतात आणि बर्फ, सोडा, तळलेली सुरमई ह्यालाच नेऊन द्यावी लागते. पाहुण्यांनी मागे ठेवलेली व्हिस्कीची पाऊण बाटली फ्रीजवर उभी आहे, "मी रोज ती बघतो आणि पीत नाही, त्याने ताकद येते" असं म्हणतो. थर्टी फर्स्टला दोन आठवडे उरलेत, सगळ्या खोल्या बुक आहेत, तर निर्धार पक्का कसा ठेवायचा.

वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको. मी चौदा वर्षं प्यायलो, आता एकवीस वर्षं पीत नाही आणि त्यातली अठरा वर्षं व्यसनमुक्तीचं समुपदेशन करतोय, बहुतेक सगळं आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतच. त्यामुळे तुझा ओटा, तुझे पाहुणे आणि संध्याकाळी साडेसहाला पोटात जो खड्डा पडतो तो, हे मला नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

आधी एक विचारतो, कारण हे तुझ्यासारखेच वाचणारे दुसरेही असतील. तू एकदम बंद केलीस ना, डॉक्टरला न विचारता? नशीब चांगलं म्हणून थरथरीवर निभावलं. रोज एवढी पिणाऱ्याने एकाएकी थांबणं धोक्याचं असतं आणि ते आपल्याकडे कोणी सांगत नाही, उलट "मर्द असशील तर आजपासून बंद" असंच सांगतात. दारू इतकी वर्षं मेंदूला दाबून ठेवते, मेंदूही त्या दाबाला पुरून उरायला आपला जोर वाढवून बसलेला असतो, आणि दाब अचानक काढला की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना डीटी होतो म्हणजे भ्रम होतो, ताप चढतो, बीपी वाढतं, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही. उपचार नाही झाले तर यात माणूस जातो, उगाच घाबरवायला सांगत नाही.

मी पाहिलेला एक खलाशी सांगतो. ट्रॉलरवरचा माणूस, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा घरी बसून प्यायचा आणि एक दिवस लेकीच्या शपथेवर बंद केली. तिसऱ्या रात्री खाटेवर उठून बसला आणि दोन्ही हातांनी जाळं ओढायला लागला. हातात काही नाही, पण ओढणं अगदी बरोबर, एक हात मागे, दुसरा पुढे, मध्येच जाळ्यातला मासा काढून बाजूला टाकायचा आणि बायकोला म्हणायचा "टोपली सरकव गो". घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी लागलंय, घाडीला म्हणजे गावच्या मांत्रिकाला बोलावलं. घाडी शहाणा निघाला, त्याने हात लावून बघितला, अंग भाजत होतं, म्हणाला आधी डॉक्टर करा मग माझं बघू. त्याच्या त्या एका वाक्याने माणूस वाचला असं मी आजही म्हणतो.

अशा वेळी दवाखान्यात काही दिवसांपुरत्या गोळ्या देतात, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम या जातीच्या, रोज थोड्या थोड्या कमी करत बंद करतात. त्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घ्यायच्या नसतात, त्यांचीही सवय लागते. दुसरं, आणि हे घरच्यांनी लक्षात ठेवावं असं आहे, पिणाऱ्या माणसाच्या अंगात व्हिटॅमिन बी-वन म्हणजे थायमिन बऱ्याचदा फार कमी असतं, आणि अशा माणसाला नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" म्हणून जवळच्या कुठल्याही दवाखान्यात न्याल तेव्हा आधी तोंडाने सांगायचं की हा रोज प्यायचा, बी-वन द्या. लाज वाटते म्हणून लपवायचं नाही. चालताना झोकांड्या, डोळे एका जागी न ठरणं, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर तासभरही थांबू नका.

तू अकराव्या दिवशी आहेस म्हणजे ती खिंड ओलांडलीस. पण एक लक्षात ठेव, मध्येच पुन्हा सुरू करून आठ-दहा दिवस प्यायलास आणि पुन्हा एकदम थांबलास तर तीच खिंड पुन्हा लागते आणि दर वेळी जास्त वाईट असू शकते. मागच्या वेळी नुसती थरथर झाली म्हणून पुढच्या वेळीही थरथरीवर भागेल असं नाही.

एकदा ओरोसला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊन ये, वेडा आहेस म्हणून नाही, तलफ कमी करणारी औषधं असतात म्हणून. नालट्रेक्सोन आहे, अकॅम्प्रोसेट आहे, तुझं लिव्हर आणि किडनी बघून डॉक्टर ठरवतील. लिव्हरचे रिपोर्ट कर, एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी. जीजीटी आज वाढलेलं असेल तर प्यायला नाहीस तर दोन-चार आठवड्यांत खाली यायला लागतं आणि तो कागद हातात घेतल्यावर जे वाटतं ना, ते माझ्या दहा भाषणांनी वाटणार नाही.

आता निर्धाराचं. मला विचारशील तर निर्धाराचा विचारच सोड. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाकडे निर्धार होता, कुणी आईच्या डोक्यावर हात ठेवला होता, कुणी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं होतं, कुणी गळ्यात माळ घातली होती. माळेला मी कमी लेखत नाही, माळ घालून सुटलेले कितीतरी आहेत, कारण माळ घातली की चार लोक आपोआप विचारायचे थांबतात आणि संध्याकाळी भजनाला जायला जागा मिळते. म्हणजे बघ, माळेनेसुद्धा संध्याकाळचीच सोय केली. निर्धार हा सकाळचा असतो रे, सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालताना सगळेच पक्के असतात. दिवेलागणीला तो विरघळतो. तुझी लढाई चोवीस तासांची नाही, सहा ते नऊ एवढीच आहे आणि ते तीन तास कुठे, कुणाबरोबर, पोटात काय घालून काढायचे हे दुपारीच ठरलेलं पाहिजे. सहाला विचार करायला बसलास तर विचार कुठे जातो तुला ठाऊक आहे.

पहिलं म्हणजे खा. हसू नको. साडेपाचला पोटभर काहीतरी खा, घावणे-चहा खा, उकड्या तांदळाची पेज नि भाजलेला बांगडा खा, काहीही. रोज पिणारा माणूस संध्याकाळी उपाशीच असतो कारण त्याला उपाशीपोटीच चढवायची असते, आणि भूक आणि तलफ या पोटात एकाच जागेवरून उठतात, त्यात फरक कळायला काही महिने जातात. मी तर वर्षभर खिशात खडीसाखर ठेवून फिरलो. दारूतून मिळणारी साखर-कॅलरी बंद झाली की गोड खावंसं वाटतंच, शुगरचा त्रास नसेल तर खाऊ दे, आत्ता डाएट करायची वेळ नाही. आमच्या व्यसनमुक्तीच्या मीटिंगांमध्ये चार गोष्टी सांगतात, भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं काही आहे का ते तलफ आल्यावर आधी बघायचं, आणि दहापैकी सात वेळा काहीतरी असतंच.

तलफ कितीही जोराची असली तरी एका दमात फार वेळ टिकत नाही. वीस मिनिटं, अर्धा तास, मग आपोआप ओसरते, तू काही केलंस किंवा नाही केलंस तरी. हे ऐकून पटत नाही, घड्याळ लावून बघितल्यावर पटतं. मी एकाला सांगितलं होतं, तलफ आली की नारळ सोलायला बस. सुळ्यावर म्हणजे जमिनीत रोवलेल्या टोकदार दांड्यावर नारळ सोलताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि लक्ष दुसरीकडे गेलं तर हाताला लागतं, म्हणून मन जागेवर राहतं. पहिल्या महिन्यात त्याने एवढे नारळ सोलले की बायको म्हणाली आता विकायला तरी ने. तुझ्याकडे होमस्टे आहे, नारळ काय कमी लागतात?

झोपेचं आणि स्वप्नांचं घाबरू नको. दारूने येत होती ती झोप नव्हती, बेशुद्धी होती. आता मेंदू आपली राहिलेली स्वप्नं वसूल करतोय, म्हणून ती एवढी ठळक पडतात. मी तर पहिल्या दोन महिन्यांत स्वप्नात इतका प्यायलो की पहाटे उठून स्वतःच्याच हाताचा वास घ्यायचो. घडी बसायला काही आठवडे, कुणाला काही महिने लागतात. दुपारी झोपू नको, चारनंतर चहा नको, पहाटे उठून लिलावाला मासे घ्यायला स्वतः जा. झोपेच्या गोळ्या मित्राकडून घेऊ नको.

आता तुझा धंदा. तुझ्याइतका अवघड धंदा या कामात क्वचित असतो, वाइन शॉपवाला सोडला तर. पाहुणा म्हणतो "भाऊ, बसा ना दोन मिनिटं, तुमच्याशिवाय मजा नाही", आणि तू ओट्यावर ट्रे घेऊन उभा, वास नाकात. हे रोज सहन करणं म्हणजे ताकद नव्हे, ही उधारी आहे, कधीतरी वसूल होते. निदान पहिले तीन महिने ट्रे तुझ्या हातात नको. घरातला कोण पोरगा असेल, भाचा असेल, नसेल तर सीझनपुरता माणूस ठेव, जेवढे पैसे त्याला देशील ते तुझ्या तीन क्वार्टरच्या हिशेबात आरामात बसतात. बुकिंग घेतानाच सांग की दारू आणून मिळणार नाही, बर्फ-सोडा किचनच्या खिडकीतून घेऊन जायचा. लायसन नसताना दारू आणून विकणं किंवा पाजणं तसंही कायद्यात बसत नाही आणि बांद्याच्या नाक्यापलीकडची गोव्याची बाटली इकडे आणणं तर त्याहून वाईट, म्हणजे सांगायला कारण आयतंच आहे. दोन-चार बुकिंग जातील, जाऊ देत. मासे चांगले असले तर लोक येतात.

चेकआउट झाल्यावर खोली तू झाडायची नाहीस. बेडखाली राहिलेली नाइंटी, बाथरूममधला अर्धा ग्लास, हे कुणी बघत नसताना समोर येतं आणि हात मेंदूला विचारत नाही. खोली बायकोने किंवा कामाच्या बाईने आधी आवरायची, मग तू आत जायचं.

आणि तू स्वतः लपवलेल्या बाटल्या? खरं सांग, सगळ्या काढल्यास? मी सगळ्या काढल्या होत्या असं मला वाटत होतं. एकेचाळिसाव्या दिवशी काकांच्या मांगरात म्हणजे शेतावरच्या खोपटात गेलो होतो गवत आणायला, मन छान होतं, वजन वाढलं होतं, लोक कौतुक करत होते, आणि गवताच्या उडवीत हात घातला तर माझीच चपटी हाताला लागली, मीच केव्हातरी खुपसलेली. तलफ नव्हती काही नव्हतं. हसलो. मग झाकण उघडलं. पुढचे पाच महिने गेले. म्हणून सांगतो, बायकोला नाहीतर भावाला सोबत घे आणि सगळ्या जागा दाखव, गडग्यातल्या म्हणजे कुंपणाच्या भिंतीतल्या दगडामागची, पाण्याच्या टाकीवरची, स्कूटरच्या डिकीतली, नारळाच्या ढिगातली. दाखवताना लाज वाटेल, वाटू दे. आणि महिन्या-दीड महिन्याने जेव्हा एकदम मस्त वाटायला लागेल, "आता जमलं आपल्याला" असं वाटेल, तेव्हा मला आठव.

मित्रांचं काय. चाकरमानी आले की म्हणणारच, "एकान काय होता मरे?" त्यांच्याशी वाद घालू नको, व्यसनावर भाषण तर मुळीच देऊ नको, पिणाऱ्या माणसाला तेवढाच विषय मिळतो. "औषध चालू आहे, डॉक्टरने बंद सांगितलीय" एवढं बोल आणि विषय बदल. हातात कायम काहीतरी धर, सोलकढी, कोकम सरबत, पण काचेच्या त्याच ग्लासात नको, स्टीलच्या पेल्यात घे. झिरो अल्कोहोलवाली बिअर सुद्धा नको, तोच वास, तीच बाटली, तोच फेस, मेंदूला फक्त आठवण करून द्यायचं काम. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, दारू-कोंबडा दाखवतात तिथेही कुणीतरी "देवाचा प्रसाद हा, घे" म्हणेल, तेव्हा कपाळाला लावून बाजूला ठेव, राखणदाराला समजतं. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागांतून हुर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचा, वास सुटेल त्याचं तेव्हा बघू, पण येणार आहे हे आत्ताच माहीत असू दे. खोकल्याची औषधं आणि आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं घेताना विचारून घे, अरिष्टात मुरवताना आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो.

तुझ्या बायकोसाठी दोन ओळी. वहिनी, रोज रात्री "आ कर बघू" म्हणून तोंड हुंगू नका, तो प्यायला असेल तर तसंही कळेल आणि प्यायला नसेल तर त्या रात्री त्याला प्यावंसं वाटेल. आणि कुणी सांगितलं की डायसल्फिरामची गोळी चहात किंवा आमटीत टाका, आपोआप सुटेल, तर कृपा करून टाकू नका. ती गोळी पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, बीपी पडतं, हार्टचा त्रास असेल तर जिवावर बेततं, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. त्याला सांगून, डॉक्टरांनी दिली तर चांगलं औषध आहे. चोरून दिली तर विष. पैशांचं मात्र तुम्ही हातात घ्या, त्याच्याच मर्जीने, फोनमधलं पेमेंट सुद्धा, पहिले काही महिने.

एकट्याने करू नको हे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं, भारतात १९५७ पासून आहे, पैसे लागत नाहीत, नाव-गाव लागत नाही, मराठीत मीटिंग होतात, जवळ नसेल तर ऑनलाइन मीटिंगला बस, किचनमध्ये इअरफोन लावून बसलास तरी चालेल. तिथे "फक्त आजचा दिवस" म्हणतात ते मला सुरुवातीला पोरकट वाटायचं, पण आयुष्यभर न पिणं मला झेपणारं नव्हतं, आज रात्री नऊपर्यंत न पिणं झेपत होतं. राहून उपचार घ्यायची वेळ आली तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासूनचं. रात्री-बेरात्री मन फार खाली गेलं, जगावंसं वाटेना असं झालं, तर १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलतात. व्यसनासाठीची वेगळी हेल्पलाइन १४४४६.

थर्टी फर्स्टला तू घरी नकोस. एवढं ऐकून तुझं तोंड कसं झालं असेल मला दिसतंय, चार खोल्या फुल्ल आणि मालक गायब. पण विचार कर, पाहुण्यांना त्या रात्री मालक लागत नाही, जेवण, बर्फ आणि शेकोटी लागते. जेवणाचं सगळं चारपर्यंत तयार ठेव, मासे मुरवून, तळायला भाऊ. संध्याकाळी सहाला निघ, बहिणीकडे कणकवलीला जा, मामाकडे जा, कुठल्या देवळात जत्रा असेल तर दशावतार बघत बस पण सोबत न पिणारा माणूस पाहिजे, कारण जत्रेच्या कडेलाही अड्डा असतो. सकाळी सातला परत ये, तोपर्यंत ते सगळे झोपलेले असतील आणि तू एकटाच शुद्धीत असशील, चहा टाक. बायको एकटी पडते म्हणशील तर तिलाच विचार, तिला कुठली रात्र परवडेल.

राहता राहिली फ्रीजवरची बाटली. रोज बघून पीत नाहीस, अकरा दिवस, मानलं. पण ती तिथे ताकदीसाठी नाहीये, तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे ती तिथे कशासाठी आहे. पाहुण्यांची आहे, महागाची आहे, परत मागतील, हे काही सांगू नको. तू हात लावू नको, झाकण उघडल्यावरचा वास तुझ्यासाठी आत्ता बरा नाही. हे वाचून झालं की बायकोला सांग मोरीत ओतायला आणि वरून दोन बादल्या पाणी टाकायला, आणि तेवढ्या वेळात तू मागच्या पडवीत जाऊन नारळ सोल.